दोन मात्रांची जागा

फेब्रुवारी उजाडला की नागपुरातल्या कडुनिंबांना काय होतं कोण जाणे. सकाळी अंगण झाडून घ्यावं आणि दहाच्या सुमारास पुन्हा पिवळ्या पानांचा थर. हवेत थंडी उरलेली नसते, ऊन अजून चावत नसतं. नंदनवनच्या चौकात मृग बहाराच्या संत्र्यांचे ठेले लागतात आणि आमच्या कॉलेजात बारावीची पोरं अचानक गंभीर होतात. वर्षभर मागच्या बाकावर झोपा काढणारे पुढे येऊन बसतात. विचारतात, "मॅडम, वृत्त पेपरात येऊन राहिलं काय यंदा?"

येतं, मी सांगते. आणि फळ्यावर उदाहरणादाखल एक जुनी कविता लिहायला घेते.

कविता शंभरेक वर्षांपूर्वीची असावी. सासरी निघालेली एक मुलगी बैलगाडीत बसली आहे आणि गाडीवानाला थांबवते आहे, एवढाच विषय. तीन कडवी. प्रत्येक कडव्याच्या शेवटी तेच ध्रुवपद: "थांब जरासा, गाडीवाना." मी प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर खडूने खुणा करते. लघू असेल तर अर्धचंद्र, एक मात्रा. गुरू असेल तर आडवी रेघ, दोन मात्रा. थांब जरासा, आठ. गाडीवाना, पुन्हा आठ. सोळा मात्रांचं पादाकुलक. बैलाच्या गळ्यातली घंटा जशी वाजत जाते तसं, आठावर एक हेलकावा. हे सगळं सांगताना माझ्या उजव्या हाताची बोटं टेबलावर आपोआप ताल धरतात आणि दर वर्षी मला क्षणभर वाटतं की आपल्या मागे कुणीतरी बसलंय आणि तेही ताल धरतंय.

मागे फळा असतो. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली.

बाबा एसटीत कंडक्टर होते. नागपूर, कळमेश्वर, काटोल, नरखेड, आणि उलट. तीस वर्षं त्यांनी दिवसभर बोलण्याचं काम केलं. पुढे सरका, मागे जागा हाय, आजीले बसू द्या, कोणाची कोंबडी हाय ही. नरखेड तालुक्यातल्या आमच्या गावाच्या चार कोसांत त्यांना ओळखत नाही असा माणूस नव्हता. आणि घरी आले की गप्प. टोपी खुंटीला, पाय बादलीत, डोळे मिटलेले. आई म्हणायची, "सारं बोलणं गाडीतच वाटून येते हा माणूस. घरासाठी काही उरतच नाही." आम्ही हसायचो. पण मी त्यांच्याशी कधी बोलले, असं आठवू गेलं तर परीक्षेचा निकाल, आजारपण, घरी येण्या-जाण्याच्या वेळा, यापलीकडे हाताला काही लागत नाही. मी सतराव्या वर्षी शिकायला नागपूरला आले ती इथलीच झाले. लग्न केलं नाही. त्याबद्दलही त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही. काळजी नसेल, असं मी धरून चालले होते. आई गेल्यावर ते गावी एकटे राहिले आणि मी इथे एकटी. दर रविवारी फोन. जेवले काय? जेवलो. तू? मीही.

मग एका डिसेंबरात चुलतभाऊ विलासचा फोन आला. काकांना लकवा मारला होता.

उजवा हात गेला, पाय थोडा वाचला. वाचा गेली. म्हणजे आवाज होता, समजही होती, पण शब्दांकडे जाणारी वाट बुजली होती. दवाखान्यातून मी त्यांना नंदनवनला, माझ्या घरी, आणलं तेव्हा त्यांच्याजवळ फक्त दोन शब्द शिल्लक होते: "तसं नाही." दुसरं काही तोंडातून निघतच नसे. पाणी हवं असलं तरी तसं नाही. उशी टोचत असली तरी तसं नाही. मी भाजी पुढे केली, डावा हात वर करून ते मला थांबवायचे, तसं नाही, तसं नाही, आणि मग त्यांच्या डोळ्यांना पाणी यायचं, कारण त्यांनाही ऐकू येत असे की आपण भलतंच बोलतोय.

हळूहळू मी त्यातले सूर ओळखायला लागले. तोंड वर करून म्हटलं तर नकार. हळू, लांबवून म्हटलं तर होकार. दोनदा तुटक म्हटलं तर संडास. शब्द तेच, अर्थ प्रत्येक वेळी नवा. मी आयुष्यभर पोरांना ध्रुवपदाबद्दल हेच सांगत आले होते, आणि घरी ते ऐकताना मला एका ओळीचाही आनंद होत नव्हता.

आठवड्यातून दोनदा एक तरुण स्पीच थेरपिस्ट यायची. शांत, चष्मेवाली मुलगी. तिने पहिल्याच दिवशी विचारलं, "आजोबांना गाणी, आरत्या, शाळेतलं काही पाठ आहे का? कधी कधी बोलणं अडतं, पण पाठ केलेलं मोकळं राहतं. ते निघालं तर त्याचा हात धरून पुढे जाता येतं."

मी आरत्या म्हणून पाहिल्या. ते देवघराकडे बघत राहिले. पाढे म्हटले. भजनं म्हटली. नरखेडच्या वाटेवरचे थांबेसुद्धा एकामागून एक म्हटले. फेटरी, कळमेश्वर, मेटपांजरा, काटोल. त्यांचे ओठ हलले, पण आवाज आला तो तसं नाहीचाच.

जानेवारी तसाच गेला. सकाळी शेजारच्या काकू त्यांच्याजवळ येऊन बसत, मी कॉलेज करून दोनला परत येई. दुपारभर आम्ही दोघं एका खोलीत. मी वह्या तपासायची, ते दिवाणावर पडून पंख्याकडे बघायचे. रस्त्यावरून कचऱ्याची गाडी गाणं वाजवत जायची. घरात दोन माणसं असूनही इतकं एकटं वाटू शकतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. एकटं राहणाऱ्या बाईला एकटेपणाची सवय असते. हे निराळं होतं. समोर माणूस आहे, त्याला काहीतरी सांगायचंय, आणि मध्ये काच.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मी दुसऱ्या दिवशीच्या तासाची तयारी करत होते. हीच कविता. टेबलावर बोटं वाजवत, तोंडातल्या तोंडात मात्रा मोजत. पहिलं कडवं विहिरीजवळचं. मुलीला तहान लागली आहे, की थांबायला मिळावं म्हणून ती नुसतं तसं सांगते आहे. शेवटच्या ओळीला मी म्हटलं, "थांब जरासा..."

"गाडीवाना," मागून आवाज आला.

स्वच्छ. अडखळ नाही, गळ नाही. मी वळून बघितलं. बाबा स्वतःच घाबरले होते. डावा हात दिवाणाच्या कडेवर तसाच उचललेला.

"बाबा! पुन्हा म्हणा."

"तसं नाही," ते म्हणाले.

मी घाई केली नाही. पुन्हा ताल धरला, पहिल्या ओळीपासून. ते माझ्या मागोमाग आले. आधी ओळींच्या शेवटच्या यमकाला, मग अर्ध्या ओळीला, मग पुरत्या ओळीला. यमक जवळ आलं की त्यांचा चेहरा उजळायचा, अंधारात जिन्याची पायरी लागावी तसा. पहिल्या ओळीने दिलेला आवाज दुसऱ्या ओळीत परत येणार, ही खात्री त्यांना पुढे ओढत होती. यमक म्हणजे कानाला सुखावणारी पुनरावृत्ती, अशी व्याख्या मी किती वर्षं लिहून दिली होती. त्या दिवशी कळलं की ते कठड्यासारखं असतं.

थेरपिस्टला फोन केला तेव्हा ती आनंदाने ओरडलीच. मग रोजचा नेम झाला. दुपारी चहा झाला की मी त्यांचा डावा तळवा हातात घ्यायची आणि त्यावर मात्रा ठोकत कविता म्हणायची. आठ दिवसांत त्यांना तिन्ही कडवी येऊ लागली. मी समजून चालले की ही त्यांच्या शाळेतली. सातवीपर्यंत शिकले होते, तेव्हाची छडी खाऊन पाठ केलेली असणार.

थेरपिस्टच्या सांगण्यावरून मग मी त्याच चालीत रोजची वाक्यं बसवली. पाणी दे वं, आठ मात्रा. भूक लागली, आठ. दार उघड वं, आठ. तळव्यावर ठोकत म्हटलं की ती त्यांच्या तोंडून निघायची. फेब्रुवारी संपता संपता ते स्वतःच मांडीवर ताल धरून पाणी मागायला लागले. शेजारच्या काकूंना तो चमत्कार वाटला. मलाही आनंद झाला, नाही कसं म्हणू. पण खरं सांगायचं तर दार लावून घेतल्यावर पुन्हा तीच काच. ती वाक्यं माझी होती. मीच बसवलेली, मीच मोजलेली. त्यांच्या मनातलं त्यांच्या शब्दांत काही येत नव्हतं. आपलाच आवाज दुसऱ्याच्या तोंडून ऐकून कुणाला सोबत होते?

आणि कवितेत एक खोट राहिली होती.

दुसऱ्या कडव्यात गाडी शेताच्या बांधाजवळून जाते. तिथे ओळ आहे: "बांधावरचा लिंब ओळखी." आठ आणि आठ. बाबा म्हणायचे, "बांधावर लिंब ओळखी." त्यातला 'चा' गळायचा. दोन मात्रा कमी. गंमत अशी की ताल चुकायचा नाही. 'बांधावर' म्हटलं की ते थांबत, दिवाणाच्या लाकडावर बोटाने एक टिचकी मारत, आणि मग 'लिंब ओळखी'. जागा राखलेली, अक्षर नाही.

मला वाटलं, लकव्याने एवढं अक्षर खाल्लं. मी हट्टाला पेटले. "बाबा, बांधावरचा. चा. म्हणा, चा."

"चा," ते म्हणत.

"हां. आता बांधावरचा."

"बांधावर," टिचकी. "लिंब ओळखी."

"बांधावर-चा."

"तसं नाही," तोंड वर करून. म्हणजे साफ नकार.

असं पंधरा-वीस दिवस चाललं. आता आठवलं की लाज वाटते. सव्वीस वर्षं मात्रा मोजणारी बाई, त्या दोन मात्रा सोडेना. एका दुपारी माझा आवाज चढला. "साधं एक अक्षर आहे बाबा! चहाचा चा म्हणता ना? मग इथे काहून नाही म्हणत?" त्यांनी तळवा माझ्या हातातून काढून घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवशी त्यांनी पाणीही मागितलं नाही. मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिले आणि खूप वेळाने कढी उतू गेली तेव्हा हलले.

वर्गात त्याच आठवड्यात तिसरं कडवं चाललं होतं. गाडी सासरच्या दारात येऊन उभी राहते. बैल सोडले आहेत. आणि तरी ध्रुवपद तेच, थांब जरासा, गाडीवाना. एका मुलाने हात वर केला. "मॅडम, गाडी तं थांबली ना आधीच. मंग थांब काहून म्हणून राहिली ती?"

मी नेहमीचं उत्तर दिलं. आता ती गाडी थांबवत नाहीये, गाडीवानाला थांबवते आहे. तो तिच्या गावचा शेवटचा माणूस. तो वळला की तिच्या ओळखीचं कुणी उरत नाही. पुनरावृत्तीतून अर्थविस्तार, मुद्दा क्रमांक चार. मुलांनी वहीत लिहून घेतलं. तो मुलगा मात्र लिहायचं सोडून माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "मंग तिनं 'थांब' म्हटलं कुठं मॅडम, 'जाऊ नको' म्हटलं." मी 'बरोबर' म्हटलं आणि फळा पुसायला वळले.

मार्च अर्धा झाला तसं ऊन तापलं. शेजारच्यांनी कूलर काढून गच्चीवर धुतले, सगळीकडे ओल्या वाळ्याचा वास. परीक्षा सुरू होत्या. मी सुपरव्हिजन करून घामेजून घरी आले, तर बाबा उठून बसलेले. त्यांनी स्वतःच ताल धरला होता. मी पाणी प्यायले आणि समोर जाऊन बसले. ठरवून गप्प. काही दुरुस्त करायचं नाही.

"बांधावर," ते म्हणाले. टिचकी. मग थांबले. पुढे गेलेच नाहीत. माझ्याकडे बघत राहिले. डाव्या हाताने हवेत चौकोन काढला, पुस्तकाएवढा. त्यात एका जागी बोट टेकवलं आणि अंगठ्याने गोल गोल घासलं.

"काय बाबा? पुस्तक?"

हळू, लांबवून: "तसं नाही." म्हणजे हो.

"कोणतं पुस्तक?"

त्यांचा चेहरा लाल झाला. गळ्याची शीर फुगली. ताल नाही, चाल नाही, काही नाही. एकेक शब्द जणू विहिरीतून दोराने वर येत होता.

"तुह्या... पुस्तकात." मग बराच वेळ. "शाई... सांडली होती."

आणि मग ते पान माझ्या डोळ्यांपुढे उघडलं. सातवीत मला विलासच्या मोठ्या बहिणीची जुनी पुस्तकं मिळाली होती. त्यातल्या या कवितेच्या पानावर निळ्या शाईचा टपोरा डाग होता, नेमका त्या ओळीत. खालचं अक्षर दिसत नव्हतं, पण काहीतरी आहे हे कळत होतं. चाल बिघडू नये म्हणून मी तिथे गुडघ्यावर एक थाप मारायची. बांधावर, थाप, लिंब ओळखी. ओसरीवर कंदिलाशी बसून, मोठ्याने, दहादा, वीसदा. पुढे कॉलेजात डाग नसलेली प्रत हाती आली, 'चा' जागेवर बसला, आणि तो डाग, ती थाप मी साफ विसरून गेले.

"तुमच्या शाळेत नव्हती ही कविता?" मी विचारलं.

मान हलली. नाही.

"तुम्ही माझं ऐकून...? पण तुम्ही तर झोपलेले असायचे. डोळे मिटून."

"आयकत... होतो," बाबा म्हणाले.

एवढंच. मी त्यांचा हात धरला, तोही ताल न धरता. मला चाळीस वर्षांपूर्वीची ओसरी दिसत होती. बादलीत पाय सोडून बसलेला, डोळे मिटलेला, दिवसभर बोलून रिकामा झालेला माणूस, आणि त्याच्याकडे पाठ करून घोकणारी मी. मला वाटायचं, ऐकायला कुणी नाही, म्हणून मी आणखी मोठ्याने म्हणायची.

त्यानंतर त्यांची वाट हळूहळू मोकळी झाली. दिवसाला दोन, चार, सहा वाक्यं. तुटकी, पण त्यांची. पहिलं न अडखळता आलेलं वाक्य मात्र माझ्याशी नव्हतं. गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते आणि खालून संत्रीवाला चालला होता. मला आतून ऐकू आलं, "काटोलचा माल हाय का गा?" संत्रीवाल्याने वर बघून म्हटलं, "नाही बाबाजी, नरखेडचा." आणि बाबा हसले. खळखळून. मी पोळी लाटता लाटता थांबले. मला आनंद झाला आणि थोडं वाईटही वाटलं. इतक्या दुपारी मी तळव्यावर ठोकत बसले, आणि पहिलं सहज वाक्य रस्त्यावरच्या माणसाला. पण मग वाटलं, तेच बरोबर. त्यांचं बोलणं नेहमी वाटेवरच्या माणसांसाठीच होतं. माझ्यासाठी त्यांच्याकडे दुसरं काही होतं. ते मला इतक्या उशिरा सापडलं, यात त्यांचा दोष नव्हता.

एप्रिलच्या सुरुवातीला ते म्हणाले, "घरी... जातो."

"हेही घरच आहे ना बाबा."

ते माझ्याकडे बघत राहिले. समजुतीने. लहान मुलाकडे बघावं तसे. "तू कालेजात," ते म्हणाले. "मी... भिताडासंग."

खरंच होतं ते. गावी विलासचं घर भिंतीला भिंत लागून. सकाळपासून माणसांची ये-जा. मी फार ओढून धरलं नाही. धरायला हवं होतं का, हे मी अजूनही कधी कधी स्वतःला विचारते. पुढे वर्षभर ते तिथे बरे राहिले, काठी घेऊन पारापर्यंत जायचे, रविवारी फोनवर स्वतःहून दोन गोष्टी सांगायचे. संत्र्याला बहार चांगला धरला. विलासची नात चालायला लागली. मग एका पहाटे झोपेतच गेले. मी पोचले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर त्रास नव्हता, असं सगळ्यांनी मला सांगितलं आणि मलाही तसंच दिसलं.

पण त्या एप्रिलातली ती दुपार मला त्यांच्या जाण्याच्या दिवसापेक्षा जास्त आठवते. विलासच्या गाडीने आम्ही त्यांना गावी नेलं. अंगणात खाट टाकली. बाबा खाटेवर टेकायच्या आधी अंगण भरलं. कोण कोण आलं होतं. जुने ड्रायव्हर, म्हातारे शेतकरी, कडेवर पोर घेतलेल्या सुना. "बोला ना काका," कुणी म्हणे, आणि बाबा बोलत. एक वाक्य बोलायला जेवढा वेळ लागे तेवढा वेळ सगळं अंगण गप्प राही. माझ्या घरी त्यांना एवढं मोठं गप्प बसणं कुठून मिळालं असतं? विलासची बायको मंदा म्हणाली, "ताई, राहा ना आज. उद्या जाजो." पण दुसऱ्या दिवशी सकाळी बोर्डाचे पेपर तपासायला जायचं होतं. मी बाबांच्या पाया पडले. त्यांनी डावा हात डोक्यावर ठेवला. कुणीतरी पलीकडून काही विचारलं आणि ते उत्तर जुळवायला लागले. मी तशीच निघाले.

फाट्यावर सावली नव्हती. कापसाच्या पऱ्हाट्या उपटून टाकलेली रानं, लांब कुठेतरी मोटरपंपाचा आवाज, आणि उन्हात थरथरणारा डांबरी रस्ता. बस आली तेव्हा चार वाजले असतील. गाडी अर्धी रिकामी होती. मी खिडकीशी बसले. कंडक्टर पंचविशीतला, नवा, गळ्यात तिकिटाचं यंत्र.

"कुठं, मॅडम?"

मी तोंड उघडलं. काही आलंच नाही. त्याने दुसऱ्यांदा विचारलं.

"नंदनवन," मी म्हटलं.

तो हसला. "तिथवर आपली गाडी नाही जात. नागपूर म्हणा."

"नागपूर."

"किती?"

मी शेजारच्या सीटवर ठेवलेली पर्स उचलून मांडीवर घेतली.

"एक."

"लेडीज, एक हाफ," तो स्वतःशीच म्हणाला, यंत्रातून तिकीट फाडून माझ्या हातात दिलं, आणि पुढच्या माणसाकडे गेला.